मांजर कोठारात ठेवा, माळावर नको



आज मांजराविषयी बोलायचे आहे. बी-बियाणे, खते, फवारणी सोडून हा विषय कशाला, असे आपल्याला वाटेल. पण गावोगाव एक रीत पडून गेली आहे. घरची मांजरी विते, चार-पाच पिल्ले होतात. त्यातले एखादे ठेवून घेतात आणि बाकीची पोत्यात घालून ओढ्यापलीकडे, माळावर नाहीतर रानाच्या कडेला सोडून येतात. मारण्याचे पाप नको म्हणून सोडली, असे सांगतात. त्यातली बरीचशी उपाशी मरतात. पण जी जगतात, ती कशावर जगतात, याचा विचार कोणी करीत नाही.

माळावर टिटवी उघड्या जमिनीवर चार अंडी घालते. चंडोल, लावा, तित्तर यांची घरटीही भुईवरच, गवताच्या थोंबाआड असतात. पिल्लांना अजून उडता येत नसते. अशा जागी उपाशी मांजर आले म्हणजे काय होते, ते सांगायला नको. सरडे, पाली, बेडूक यांचीही तीच गत. आता यात आपले काय गेले, असे कोणी म्हणेल. हरभऱ्यात घाटे अळीसाठी आपण पक्षीथांबे लावतो की नाही? त्या थांब्यावर बसायला कोतवाल आणि साळुंकी यायला हव्यात. चंडोल तर पिल्लांना किडेच भरवतो. ही पाखरे म्हणजे आपला बिनपगारी गडी आहे.

मांजर वाईट, असे माझे म्हणणे नाही. कणगीपाशी, कोठारात उंदरांवर मांजराइतका धाक दुसऱ्या कशाचा नाही. मात्र मोठ्या घुशीच्या वाटेला ते सहसा जात नाही. आणि शेतातल्या उंदरांसाठी धामण, मुंगूस आणि गव्हाणी घुबड ही राखण निसर्गाने आधीच ठेवलेली आहे. मांजराचे काम घरात, त्यांचे काम शेतात, अशी वाटणी आपण मानली तर तंटा राहत नाही.

दुसऱ्या देशांत यावर कायदे झाले आहेत. ऑस्ट्रेलियात मांजर मुळात नव्हतेच, ते गोऱ्या लोकांच्या गलबतांतून गेले. तिथले लहान प्राणी त्याला तोंड द्यायला शिकलेले नव्हते, आणि वीसहून अधिक जातींचे सस्तन प्राणी कायमचे नाहीसे होण्यास मांजराचा हातभार लागला, असे तिथले शास्त्रज्ञ मानतात. तेव्हा कॅनबेरा या राजधानीच्या मुलखात नियम झाला की १ जुलै २०२२ नंतर जन्मलेले प्रत्येक पाळीव मांजर मालकाने आपल्या आवारातच ठेवावे, बाहेर न्यायचे तर पट्टा लावून. हा नियम जसाच्या तसा आपल्या वाड्या-वस्त्यांना लागू पडणार नाही. आपल्या घरांना कौले आणि खिडक्या आहेत, मांजर कोंडून किती कोंडणार! पण त्यातला मुद्दा घेण्यासारखा आहे. मांजर ज्याचे, जबाबदारी त्याची. आपल्याकडे पुणे महापालिकेनेही २०२२ साली पाळीव मांजरांच्या नोंदणीचा निर्णय घेतला.

मग खेड्यात काय करता येईल? पहिली गोष्ट संख्येची. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. सुमारे नऊ आठवडे गाभण राहते आणि वर्षातून दोन-तीन वेळा विते. एका मांजरीची वर्षात दहा पिल्ले सहज होतात, आणि त्यांतल्या मांजरी पुढच्या वर्षी वितात. हिशेब आपणच करा. एका घराला एक मांजर पुष्कळ झाले. त्याचे नसबंदीचे ऑपरेशन करून घ्यावे, बोका असो की मांजरी. ऑपरेशन झाले म्हणजे मांजर उंदीर धरीत नाही, ही समजूत खोटी आहे. उपाशी ठेवले तरच उंदीर धरते, हेही तितकेसे खरे नाही. शिकारीची खोड त्याच्या अंगातच असते. उलट पोटाला मिळाले नाही तर ते घर सोडून रानात भटकते. इंग्लंडमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की भरपूर मांसाचे खाणे दिलेल्या मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी कमी झाली.

दुसरी गोष्ट रात्रीची. दिवेलागणीला दूध-भाकरी, असेल तर मासळीचे डोके घालून मांजर धान्याच्या खोलीत ठेवावे. उंदीर रात्रीच निघतो, म्हणजे मांजर तेव्हा नेमके कामावर असते. धान्य मात्र झाकणाच्या कोठीत हवे. कोपऱ्यात घमेल्यात राख किंवा वाळू ठेवावी आणि ती रोजच्या रोज खड्ड्यात पुरावी. हे का, ते नीट ऐका. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू पसरतो. मांजर गंजीवर, गव्हाणीत घाण करते, ती वैरण शेळ्या-मेंढ्यांच्या पोटात जाते आणि त्या गाभडतात. विष्ठेतला जंतू रोग लावण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून रोजची सफाई महत्त्वाची. घरातल्या गरोदर बाईने ते घमेले हाताळू नये. गंजी झाकून ठेवावी.

मांजर चावले किंवा बोचकारले तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. पिसाळण्याचा रोग मांजरालाही होतो. त्याची लस मांजराला दरवर्षी टोचून घ्यावी.

आता ऊसवाल्यांसाठी. तोडणीच्या वेळी फडात कधी मांजरासारखी पिल्ले सापडतात. ती रानमांजराची किंवा वाघाटीची असू शकतात. वाघाटी ही जगातल्या सर्वांत लहान रानटी मांजरांपैकी एक. पूर्ण वाढली तरी वजन दीड किलोच्या आसपास, अंगावर तांबूस ठिपके. लोक तिला बिबट्याचे पिल्लू समजून घाबरतात. ती मुख्यतः उंदीर खाते. पिल्ले घरी आणू नयेत. १९७२ च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे. तेवढा भाग तोडायचा ठेवून वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवावे; आई बहुधा रात्री येऊन पिल्ले उचलते. सोडून दिलेली गावठी मांजरे रानमांजराशी जुगतात, त्यांना रोगही देतात, आणि रानमांजराचा मूळ वाण बिघडतो. देशी ज्वारीचा वाण कसा बिघडतो ते आपल्याला ठाऊकच आहे.

विष घालून मांजरे मारू नका. तसे करणे गुन्हा आहे, आणि पाळलेले जनावर उपाशी मरेल असे टाकून देणे हासुद्धा १९६० च्या कायद्याने गुन्हाच आहे. शिवाय त्या विषाने घुबडही मरते. ग्रामसभेत हा विषय घ्यावा. कोणाकडे किती मांजरे, किती ऑपरेशने झाली, याची एक वही ठेवावी. पिल्ले नको असतील त्यांनी आठ आठवड्यांनंतर ती हव्या असलेल्या घरी द्यावीत, माळावर नव्हे.

ऑपरेशनची सोय तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आहे का, ते आधी विचारून घ्यावे. नसेल तर जिल्ह्याच्या सर्वचिकित्सालयात चौकशी करावी. पाच-सहा घरांनी मिळून एकच दिवस ठरवला तर गाडीभाडे वाचते. जाताना मांजर पोत्यात नको, झाकणाच्या टोपलीत न्यावे, टोपलीला वारा लागू द्यावा, आणि आदल्या रात्री किती वाजल्यापासून खायला घालायचे नाही ते डॉक्टरांना विचारून ठेवावे.