शेणाची मजुरी मागणारी माय

(शिरूर अनंतपाळ इथं सिंधुताई सपकाळ यांच्या स्मरणासाठी जमलेल्या बायामाणसांसमोर किनवटकडच्या एका कार्यकर्तीनं केलेलं भाषण. बोललं तसंच उतरवलंय.)



माई गेल्या त्या 4 जानेवारी 2022 ला, पुण्यात. महानुभाव पंथाच्या रिवाजानं त्यांना मातीत ठेवलं, जाळलं नाही. किती लेकरांची माय, किती नातवंडांची आजी, याचा हिशोब कुणी शेकड्यानं सांगतं, कुणी हजारानं. मी त्यात पडत नाही.

मघाशी दोघीतिघींनी माईंची गोष्ट सांगितली आणि पदर डोळ्याला लावला. रडावं अशीच गोष्ट हाय. नवऱ्यानं हाकललं, गोठ्यात गायांच्या पायात बाळंत झाली, सख्ख्या आईनंबी दारात घेतलं नाही. 2010 ला पिक्चर निघाला, तो बघूनबी लोक असेच रडले. पण मला एक विचारायचंय. नवऱ्यानं हाकललं कशापायी? चांगलं नांदत्या बाईला, तेबी दिवस भरलेले असताना?

शेणापायी, बायांनो.

वर्धा जिल्ह्यातलं पिंपरी मेघे हे माईंचं माहेर. बाप गुरं वळायचा. पोरगी नको होती म्हणून नाव ठेवलं चिंधी. चौथीपर्यंत शिकली. पोरवयातच तिच्याहून कितीतरी मोठ्या माणसाला दिली. सासर नवरगाव, जंगलाकडंचं. तिथं गुरं शेकड्यानं. माई सांगायच्या की, त्या गुरांचं शेण काढता काढता बायांची कंबर मोडायची. रस्त्यावर मुरूम फोडणाऱ्याला मजुरी होती, शेण काढणारीला नव्हती. आणि त्याच शेणाचा लिलाव जंगलखातं करायचं. घाम बाईचा, पैसा दुसऱ्याचा. वीस-पंचवीस वर्षांची ही बाई उठली आणि म्हणाली, आमची मजुरी टाका. गोष्ट वरच्या साहेबापर्यंत नेली आणि जिंकलीबी.

मग ज्यांची मिळकत बंद झाली त्यांनी काय केलं? बाईशी भांडले नाहीत. तिच्या नवऱ्याचे कान भरले. बाईच्या पोटातल्या लेकराबद्दल संशय घातला. आपल्याकडंबी असंच होतं का नाही? पट्ट्यासाठी तहसीलवर जी बाई चार वेळा जाते, तिच्याच चालीची चर्चा पारावर होते. पुढारपण करणाऱ्या गड्याच्या चालीची चर्चा मी अजून ऐकली नाही.

1973 साली गोठ्यात लेक झाली. घर नवऱ्याचं, वावर नवऱ्याचं, माहेर भावाचं. बाईच्या नावावर काडी नाही. म्हणून एका रात्रीत तिला रस्त्यावर काढता आलं. लेकराला घेऊन ती भीक मागत आली कुठं? आपल्याच मुलखात. परभणी, नांदेड, मनमाड, या गाड्यांमध्ये गाणं म्हणत हिंडायची. रातीला बाईमाणसाला भीती, म्हणून मसणवट्यात झोपायची. मढ्याच्या विस्तवावर भाकर भाजून खाल्ली, हे त्यांनी स्वतः किती सभांत सांगितलं. आणि मिळालेला तुकडा एकटीनं खाल्ला नाही, स्टेशनवरच्या बेवारस लेकरांत वाटून खाल्ला. तिथून पुढं ती माय झाली. आश्रम, वसतिगृह, पुरस्कार, 2021 चं पद्मश्री हे सगळं नंतरचं, ते तुम्हाला टीव्हीनं सांगितलंय.

टीव्ही जे कमी सांगतो ते मेळघाटाचं. आपल्या जंगलातल्या गावांनी ते ध्यानात ठेवावं. 1973-74 ला मेळघाटात वाघाचा प्रकल्प आला आणि कोरकूंची गावं उठवायचं चाललं. 84 गावांचा प्रश्न होता. त्या वक्ताला चिखलदऱ्यात माई त्या लोकांसंग उभ्या राहिल्या. अस्वलानं डोळे फोडलेल्या एका आदिवासीचा फोटो त्यांनी इंदिरा गांधींना दाखवला, असं त्या सांगायच्या. गाय मेली, कोंबडी मेली तर जंगलखातं भरपाई देतं, मग माणसाचीच का नाही, एवढाच त्यांचा सवाल. हातात ना कायद्याचं पुस्तक, ना वकील.

आज आपल्यापाशी कायदा हाय. 2006 चा वनहक्क कायदा. त्याच्या कलम 4 मध्ये चौथं पोटकलम बघा: लग्न झालेलं असलं तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं, आणि एकटी बाई घर चालवत असली तर तिच्या एकटीच्या नावानं. माईंच्या वक्ताला असा कागद असता, तर त्या रातीला तिला बाहेर काढणं एवढं सोपं नसतं. तरी आपल्याच गावात दावा भरताना गडी म्हणतो, तिचं नाव कशाला, आधार कार्ड घरी राह्यलंय. आधार कार्ड आणायला किती वेळ लागतो हो?

दुसरं. साहेब म्हणतो पुरावा आणा. सातबाऱ्यावर नाव नाही, दंडाची पावती उंदरानं खाल्ली. पण नियम 13 मध्ये पुराव्यांची यादी दिलीय. तिच्यात म्हाताऱ्या माणसांचा जबाबबी हाय, दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्याचा, लिहून घेतलेला. माझी आजी आता नाही. कोणत्या मोहाखाली कोणाचं लेकरू पुरलं, विहीर 72 च्या दुष्काळाआधी खांदली का नंतर, सगळं तिच्या तोंडी होतं. तिच्यासंगं गेलं ते. गावातल्या दुसऱ्या चार आज्यांचं तेवढं वहीत आलं.

इथं शिरूर अनंतपाळकडं जंगल नावालाच, तुमचं भांडण गायरानाचं. कायदा वेगळा, तारीख वेगळी. तिकडं 13 डिसेंबर 2005, इकडं गायरानाला 14 एप्रिल 1990. पण आठवण तीच लागते. तुमच्या म्हाताऱ्यांना साल सांगता येत नाही, म्हणून त्यांना गप बसवू नका. आजी म्हणाली, किल्लारीचा भूकंप झाला तवा त्या वावरात आम्ही पाच पावसाळे काढले होते, तर हिशोब करा. भूकंप 30 सप्टेंबर 1993 चा. पाच पावसाळे मागं जा, 1989 चा पावसाळा येतो. म्हणजे तारखेच्या आधीचं झालं. नुसत्या जबाबावर काम भागंल असं मी म्हणत नाही. त्याच्यासंगं पंचनामा, बांध, विहीर, जुनी झाडं हे सगळं लावावं लागतं. पण सुरुवात आजीच्या तोंडातून होते.

एवढंच बोलते. माईंच्या फोटोला हार घालून झाला. आता त्या मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या आजीला पुढं येऊ द्या, पोरांनो, जागा करा. पोरींनो, वही काढा. आधी गाव, मग गट नंबर, मग आजीचं नाव. आजी बोलंल तसंच उतरवा, तिची भाषा सुधारू नका. शेवटी वाचून दाखवा, अंगठा घ्या, शेजारी दोन साक्षीदारांच्या सह्या. चहा मागून येतोय.