मजुरांचा रेडिओ



अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात
याकिमा नावाचं खोरं आहे.
सफरचंदांच्या बागांचा मुलूख.
फळं तोडणारे मजूर बरेचसे मेक्सिकन वंशाचे.
बोलणं स्पॅनिश.

१९७९ साली तिथल्या ग्रेंजर गावात
रेडिओ केडीएनए सुरू झाला.
मजुरांचा रेडिओ, मजुरांच्याच भाषेत.

स्टेशनच्या प्रमुख होत्या रोसा रामोन.
रेडिओ स्टेशन एका बाईच्या हाती,
त्या काळी हे अप्रूपच!

फवारणीच्या विषारी औषधांपासून कसं जपायचं,
मजुरीचे हक्क कोणते,
हे सगळं इथे कळायचं.
होय, मजुरांच्याच भाषेत.

आणि कागदपत्रं नसलेल्यांना पकडायला
स्थलांतर खात्याची धाड येणार असली तर?
तसं उघड कसं सांगणार?
मग ठरावीक गाणं लागायचं.
बागेतली माणसं सावध व्हायची.