शहराची हवा आणि तालुक्याचा धूर
(बोदवड येथे दिलेले भाषण)



मुंबई महानगर प्रदेशातील डिझेल व पेट्रोल वाहने टप्प्याटप्प्याने हटविता येतील काय, हे तपासण्यासाठी समिती नेमण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर २०१२ मध्येच कर्करोगकारक ठरविला आहे. तेव्हा निर्बंध आवश्यकच आहेत. प्रश्न त्यांच्या किमतीचा आहे.

दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल वाहनांना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मज्जाव केला. परंतु त्यांतील पुष्कळ वाहने मोडीत न निघता, ना-हरकत दाखला घेऊन अन्य राज्यांत नोंदविली गेली. राजधानीने टाकलेला धूर लहान गावांच्या वाट्याला आला. बोदवडच्या बाजारात कापूस आणणाऱ्या लहान ट्रकमालकाला नवी गाडी परवडत नाही. त्याला जुनीच घ्यावी लागते.

म्हणून मागणी स्पष्ट हवी : जुनी वाहने शासनाने योग्य मोबदला देऊन मोडीत काढावीत, लहान मालकांना स्वस्त कर्ज द्यावे, एस.टी. सक्षम करावी आणि भुसावळ-नागपूर लोहमार्गावरील बोदवडसारख्या स्थानकांतून मालवाहतूक वाढवावी. श्वास घेण्याचा हक्क महानगराइतकाच तालुक्यालाही आहे.