झाडावरचं गवत

एसी बंद करून खिडक्या उघडायचे दिवस आले. तुमच्याही ग्रुपवर नेहमीचा प्रश्न पडला असेल, या वीकेंडला तंबू घेऊन कुठं जायचं? दक्षिणेला वाळू आहेच. पण एकदा पोह्यांत आणि पोरांच्या डोळ्यांत वाळू गेली की पुढच्या वर्षी माणूस आपोआप उत्तरेकडे वळतो. रास अल खैमा, फुजैरा, हत्ता, म्हणजे हजरचे डोंगर.

जबल जैसला तुमच्यापैकी बरेच जण जाऊन आले असतील. वर किनाऱ्यापेक्षा चांगलंच गार असतं. २०१७ च्या फेब्रुवारीत तिथं पारा शून्याखाली गेला होता, बर्फही पडलं होतं. ‘इथं कसली आलीय थंडी’ म्हणत एका चादरीवर गेलेले लोक रात्री दोन वाजता गाडीत हीटर लावून बसलेले मी पाहिलेत. त्यांतला एक मीच होतो. पण थंडी वाजते म्हणून पेटलेली शेगडी तंबूत घेऊ नका. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, माणूस झोपेतच जातो. निखारे मंदावलेले दिसले तरी तो निघत असतो. शेगडी बाहेर, रजया आत.

आज खरं बोलायचंय ते मात्र वादीबद्दल. आपली कोकणातली वाडी नव्हे, अरबीतली वादी, डोंगरातलं कोरडं नदीपात्र.

काही वर्षांपूर्वी आम्ही तीन कुटुंबं शौका भागात गेलो होतो. सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. जागा निवडायचं काम माझ्याकडे. दिवसभर क्लायंटला धोक्यांच्या याद्या करून देणारा माणूस मी, त्यामुळे कुणी शंका घेतली नाही. सपाट, बारीक खडीची, वाऱ्यापासून आडोशाची छान जागा शोधली. तंबू ठोकून झाले. सासूबाई खुर्चीत बसून वर बघत होत्या. म्हणाल्या, “जावईबापू, त्या बाभळीवर गवत कसं हो चढलं?”

बाभूळ म्हणजे इथलं समर, तिच्याच गोत्रातलं झाड. माझ्या डोक्याच्या वर हातभर, फांदीत वाळकं गवत, काटक्या आणि एक प्लॅस्टिकची पिशवी अडकलेली. सगळ्यांची टोकं एकाच दिशेला.

“इथनं पाणी जातं,” त्या म्हणाल्या. “कृष्णेकाठी पूर ओसरला की झाडं अशीच दिसतात.”

मी आकाशाकडे बोट दाखवलं. एक ढग नव्हता. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त स्वतःची पिशवी उचलून वरच्या कातळाकडे चालू लागल्या. मग काय, अंधारात तीन तंबू उपटून वर नेले. मुलं वैतागली, मीही वैतागलो. त्या रात्री पाणी आलं नाही. खाली राहिलो असतो तरी काही झालं नसतं, आणि पुढच्या वेळी मी पुन्हा तिथंच तंबू ठोकला असता.

हजरच्या डोंगरांवर माती नाही, झाडोरा नाही. सह्याद्रीत बराचसा पाऊस माती पिते, इथं उघड्या खडकावर पडलेला थेंब थेट खाली धावतो. शेकडो घळ्यांचं पाणी एका पात्रात येतं. त्यामुळे पाऊस दूर वरच्या डोंगरात पडतो आणि लोंढा तुमच्याकडे येतो, तुमच्या डोक्यावर चांदणं असताना. ती सपाट, छान खडी तिथं पाण्यानेच आणून पसरलेली असते. १६ एप्रिल २०२४ आठवतो ना? अल ऐनजवळ खत्म अल शकला इथं चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पाऊस पडला, १९४९ पासूनच्या नोंदींतला सगळ्यात मोठा. त्याच वर्षी जूनमध्ये लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. तेही रविवारची सहल म्हणूनच आले होते.

कायदाही कडक झालाय. पावसात वादी, धरण किंवा साचलेल्या पाण्याजवळ गर्दी केली तर हजार दिरहम आणि सहा ब्लॅक पॉइंट. पूर आलेल्या वादीत गाडी घातली तर दोन हजार, तेवीस पॉइंट आणि गाडी साठ दिवस जप्त. २०२३ पासून हे लागू आहे. तरी दर पावसाला फोर बाय फोरचे व्हिडिओ येतातच. आपले लोक त्यांत नसतात असं म्हणायला मला आवडलं असतं.

तर निघण्याआधी राष्ट्रीय हवामान केंद्राचा अंदाज बघा, दुबईचा नव्हे, पूर्वेकडच्या डोंगरांचा. पोचल्यावर आधी झाडांकडे बघा, मग कडेच्या खडकावर पाण्याची रेघ शोधा. तंबू तिच्या वर आणि गाडीही वरच, तोंड रस्त्याकडे करून. डोंगरांत बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नसते, तेव्हा कुठल्या वादीत जाताय आणि कधी परतणार, हे घरी राहिलेल्या कुणाला तरी सांगून ठेवा. रेंज असेल तर पोलिसांचा नंबर ९९९, रुग्णवाहिकेचा ९९८. पाण्याचा गढूळपणा अचानक वाढला किंवा वरून गडगडाट ऐकू आला, तर सामान आवरत बसू नका. तंबू दुकानात परत मिळतो.

सासूबाई यंदा जानेवारीत येताहेत. जागा आजीच निवडणार, असं मुलांनी मला न विचारताच ठरवलंय.