लाल खुणेच्या आधी काय घडलं?

काम ऐन रंगात आलेलं असताना घरचा डेस्कटॉप अचानक बंद पडतो आणि आपला आपणच पुन्हा सुरू होतो. लगेच दुरुस्तीवाल्याला फोन जातो, तो नव्याने विंडोज टाकून देतो आणि मूळ दोष तसाच राहतो. त्याआधी संगणकाने स्वतः काय लिहून ठेवलंय ते वाचावं, असा माझा आग्रह आहे.

संगणक सतत नोंदी करत असतो. 1980च्या दशकात बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी ‘सेंडमेल’ या टपाल पोचवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी ‘सिसलॉग’ ही नोंदपद्धत तयार केली. तिच्यात गांभीर्याच्या 0 ते 7 अशा आठ पायऱ्या आहेत. 0 म्हणजे यंत्रणा वापरण्याजोगीच उरलेली नाही. लिनक्स आजही याच पायऱ्या वापरतं.

विंडोजमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडा, त्यात ‘विंडोज लॉग्ज’ आणि खाली ‘सिस्टिम’. बंद पडलेल्या संगणकावर बहुधा ‘कर्नल-पॉवर 41’ ही नोंद लाल खुणेसह दिसते. पुष्कळजण तिथेच थांबतात. पण ही नोंद संगणक पुन्हा सुरू झाल्यावर लिहिली जाते आणि ती एवढंच सांगते, की मागच्या वेळी तो रीतसर बंद झाला नव्हता. लाइट गेली तरी हीच नोंद होते. कारण शोधायचं तर त्याआधीच्या ओळी बघायच्या. यादीत ताजी नोंद सर्वांत वर असते, म्हणून आधीच्या नोंदी तिच्या खाली सापडतात. तिथे ‘डिस्क’ या नावापुढे 7 हा क्रमांक दिसला, तर डिस्कचा काही भाग खराब झालाय. बाकी सगळं सोडून आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या. ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ दिसला, तर प्रोसेसर, मेमरी अशा हार्डवेअरवर संशय घ्यावा. आणि आधी काहीच लिहिलेलं नसेल, सगळं सुरळीत चालता चालता नोंदी एकदम तुटल्या असतील, तर एसएमपीएस, प्लग, यूपीएस आणि पंख्यात साचलेली धूळ तपासा. लिहायलाही सवड मिळाली नाही, हासुद्धा पुरावाच आहे.

मात्र प्रत्येक खूण म्हणजे बिघाड नव्हे. धडधाकट संगणकातही अशा नोंदी ढिगाने असतात. ‘डिस्ट्रिब्युटेड-कॉम 10016’ या नोंदीकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं, असं खुद्द मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. भामटे नेमका याचाच फायदा घेतात. कंपनीकडून बोलतोय असं सांगून ते फोनवरून इव्हेंट व्ह्यूअर उघडायला लावतात, लाल खुणा दाखवून घाबरवतात आणि संगणकाचा ताबा मागतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आजच सांगून ठेवा. असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. आणि पैसे गेलेच असतील, तर वेळ न दवडता 1930 या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा.