मुंबईचा कागद मेक्सिकोत

आम्ही तोंडवलीच्या बचतगटातल्या बाया बोलतोय. आज हप्ता नाही की मासळीचा भाव नाही, आज पोरांच्या वाचनाबद्दल बोलूया.

माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी 1990 च्या दशकात मुंबईत 'प्रथम' ही संस्था उभी केली. वस्तीतल्या बालवाड्यांपासून काम सुरू झालं. 2005 पासून त्यांची 'असर' पाहणी होते. गावातली मुलं वाचतात का, ते घरोघरी जाऊन बघायचं. साधन काय, तर एक कागद. त्यावर अक्षरं, शब्द, चार ओळींचा उतारा आणि एक छोटी गोष्ट.

हीच रीत मेक्सिकोत पोचली. 2014 च्या सुमारास तिथल्या वेराक्रूझ राज्यात स्वयंसेवक स्पॅनिशमधला असाच कागद घेऊन दारोदार फिरू लागले. तेही समुद्रकाठचंच राज्य. आपल्याकडून गेली ती फक्त रीत. फिरले ते तिथलेच लोक. आम्हांला हे पटलं. पंधरा दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याला पोर काय बोलतं ते कळायला वेळ लागतो.

स्पॅनिश बरीचशी लिहिली तशीच वाचतात, आपल्यासारखी. फक्त 'ह' लिहितात आणि बोलत नाहीत! नमस्काराचा शब्द 'ओला', आणि लाटेलाही 'ओला'च. आपल्याकडे लाटेत गेलेला ओलाच होतो म्हणा. पण तिथल्या कितीतरी घरांत नाहुआत्ल किंवा तोतोनाक बोलतात आणि शाळेत स्पॅनिश. आपल्या पोरांचंही तसंच, घरात मालवणी आणि पुस्तकात 'मला, तुला'.

आम्ही मे महिन्यात असाच कागद हातानं लिहिला आणि वाडीत फिरलो. एका मुलीनं 'मला' च्या जागी 'माका' वाचलं. आमच्यातली एक म्हणाली, चूक. दुसरी म्हणाली, अगो, अर्थ कळला म्हणूनच 'माका' म्हणाली ना! तासभर वाद झाला. शेवटी ठरलं, चूक धरायची नाही, पण बोट ठेवून पुन्हा वाचून घ्यायचं.

खरी चूक आमचीच झाली. गटातल्याच एकीचा मुलगा, चौथीतला. धडा घडाघडा म्हणाला. आम्ही मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं, तर गप्प. सगळा धडा पाठ होता. आणि हे आम्ही खळ्यात, शेजारणींच्या देखत केलं. "माझ्या झिलाची लाज काढलात," म्हणून ती उठून गेली. दोन बैठकांना आली नाही. मुलाला एकट्यालाच, शेजारी बसवून वाचायला द्यायचं असतं, हे आम्हांला माहीत होतं, तरी घाई केली. घरी जाऊन तिची माफी मागितली.

आता रोज संध्याकाळी ओटीवर ती स्वतःच त्याला घेऊन बसते. तिची शाळा दुसरीतच सुटली होती. परवा 'समुद्र' शब्दातल्या जोडाक्षराशी अडली, तेव्हा झिलानंच तिला वाचून दाखवलं.