शास्त्रदान आणि चित्रकलेची तासिका

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यानाचे शब्दांकन)



आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांपैकी शास्त्रदानाचा अर्थ हल्ली वह्या-पुस्तके व शुल्कसाहाय्य एवढ्यापुरताच घेतला जातो. पूर्वजांच्या लेखी तो अधिक व्यापक होता. मूडबिद्री येथील धवला टीकेच्या ताडपत्रांवर अक्षरांच्या जोडीला रंगीत चित्रेही आहेत. पश्चिम भारतातील कल्पसूत्राच्या पोथ्यांत लेखनिक चित्रापुरती चौकट मोकळी सोडीत असे व मागाहून चित्रकार ती भरीत असे. श्रावकाच्या दानातून दोघांचाही योगक्षेम चाले. काही पोथ्यांतील चौकटी मात्र कायमच्या कोऱ्या राहिल्या.

जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळांत चित्रकलेची तासिका अशीच कोरी जाते. यात शिक्षकांचा दोष थोडा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. पण ती सहावी ते आठवीसाठी, आणि पट 100 हून अधिक असेल तरच. पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी तेवढीही नाही. वाडीवस्तीवरील शाळेचा पट शंभरी कशी गाठणार? कला हा विषय दहावीपर्यंत अनिवार्य असावा, अशी शिफारस 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने केली होती. शिफारशीने विषय मिळतो, शिकविणारा मिळत नाही. शहरातील विद्यार्थी एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसतो, दहावीला वाढीव गुणही मिळवितो. वस्तीवरच्या मुलाच्या कानी त्या परीक्षांचे नाव पडणेही कठीण.

समाज अशा शाळांना विसरलेला नाही. महावीर जयंतीला रंगपेट्यांचे वाटप होते. छायाचित्र सुरेख येते. रंग मात्र दिवाळीपर्यंत संपतात आणि पेन्सिल कशी धरावी हे सांगणारा कोणी नसतो.

दान टिकते कसे, याचे उदाहरण समाजातच आहे. शेठ प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून 1878 मध्ये राजाबाई मनोरा पूर्ण झाला. कलकत्ता विद्यापीठाला त्यांनी जो निधी दिला, त्यातून मनोरा नव्हे, अभ्यासवृत्ती उभी राहिली. आशुतोष मुखर्जी तिचे मानकरी होते. 1865 च्या शेअरबाजाराच्या पडझडीत शेठजींची संपत्ती लयास गेली. त्यांच्या नावाची वृत्ती मात्र पिढ्यानपिढ्या विद्वानांना मिळत राहिली.

सुवर्णमहोत्सव आला की प्रवेशद्वार, सभागृह, नामफलक यांचे प्रस्ताव येतातच. त्यांच्या शेजारी न्यासाने एक कायम निधी उभारावा. मूळ रकमेला हात लावू नये. व्याजातून परिसरातील पाच शाळांसाठी एक कलानिदेशक नेमावा. सोमवार एका शाळेत, मंगळवार दुसऱ्या, असा त्याचा आठवडा. मानधनाखेरीज कागद, रंग आणि रेखाकला परीक्षेचे शुल्क त्याच व्याजातून भागवावे. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव व शिक्षण विभागाची अनुमती आधी घ्यावी, म्हणजे मुख्याध्यापक बदलले तरी काम अडणार नाही. व्याज अपुरे पडल्यास पाचाऐवजी तीन शाळा घ्याव्यात, परंतु निदेशकाचे मानधन वेळेवर जावे. सहा महिने थकलेल्या मानधनावर कोणीही शिकवीत नाही.

या शाळांत जैन मुले किती, असा प्रश्न कोणी विचारील. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसविली. त्या प्रश्नाचे उत्तर तिथेच मिळाले आहे. मंदिरांच्या भिंतींवरील जुन्या चित्रांना उद्या जाणता हात लागेल, तो याच मुलांपैकी कोणाचा असेल, कोणी सांगावे?

शाळा जूनमध्ये उघडतात. निदेशकाची निवड मे अखेर व्हावयाची तर निधीचा ठराव मार्चच्या सभेपुढे यावयास हवा.